मेंदू-संगणक जोडणीतलं संशोधन आणि करिअर: सांगली-मिरजेहून सतत येणारे प्रश्न

मी मिरजेची. शाळा इथेच झाली, इंजिनिअरिंग सांगलीत, पुढे मेंदूशास्त्रात पीएचडी. मेंदूतल्या संदेशांवर संगणक चालवायचा, हे माझ्या संशोधनाचं काम. दिवाळीत आणि मे महिन्यात घरी आले की इथल्या शाळा-कॉलेजांत बोलायला जाते आणि नंतर आठवडाभर फोनवर प्रश्न येत राहतात. विचारणारे दोन प्रकारचे असतात. काहींना या क्षेत्रात यायचं असतं. काहींच्या घरात बोलणं किंवा हालचाल गेलेलं माणूस असतं. दोघांची उत्तरं मी मुद्दाम एकाच ठिकाणी ठेवली आहेत, कारण पहिल्यांनी दुसऱ्यांचे प्रश्न वाचावेत असं मला मनापासून वाटतं. घरी रुग्ण असेल तर सरळ प्रश्न १४ पासून वाचलं तरी चालेल.

१. ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस म्हणजे नक्की काय हो?

हात उचलायचं ठरवलं की मेंदूच्या वरच्या थरातल्या एका पट्टीतल्या चेतापेशी कामाला लागतात. तिथून संदेश मणक्यातून खाली उतरतो आणि स्नायूपर्यंत पोचतो. अपघातात मणका दुखावला, मेंदूच्या देठात रक्ताची गाठ झाली किंवा एएलएससारखा (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जाणारा) आजार झाला की ही वाट बंद पडते. कृष्णेला पूर येऊन आयर्विन पूल बंद झाला तरी सांगलीत आणि सांगलीवाडीत माणसं असतातच, फक्त जाणं-येणं थांबतं. तसंच हे. हात हलवायचा प्रयत्न मेंदूत होत राहतो, पण तो पुढे जात नाही.

बीसीआय म्हणजे दुसरी वाट. मेंदूतले विद्युत संदेश टिपायचे, मोठे करायचे, त्यांतला अर्थ संगणकाने ओळखायचा आणि त्यावर पडद्यावरचा बाण, यांत्रिक हात किंवा आवाज चालवायचा. हे नाव १९७३ मध्ये यूसीएलएच्या जॅक विडाल यांनी रूढ केलं.

२. म्हणजे हे यंत्र मनातलं वाचतं का?

नाही. तुम्ही काय करण्याचा *प्रयत्न* करताय ते ओळखतं. तेही तुमच्याच मेंदूवर तासन्‌तास सराव करून घेतल्यावर. माझ्यासाठी शिकवलेलं यंत्र तुमच्या डोक्याला लावलं तर बहुतेक वेळा काहीच कळणार नाही. मनातल्या मनात म्हटलेल्या शब्दांचा विषय थोडा वेगळा आहे, तो प्रश्न १९ मध्ये आहे.

३. टोपी घालून होतं म्हणतात, आणि कवटी उघडून चिप बसवतात असंही म्हणतात. खरं काय?

दोन्ही खरं. फरक कळायला मिरजेच्या सतारमेकर गल्लीत या. आत कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतोय, शटर खाली आहे आणि तुम्ही रस्त्यावर रिक्षांच्या गोंगाटात उभे आहात. आत वाद्य वाजतंय एवढं समजतं, पण चारांतली कुठली तार छेडली ते सांगता येत नाही. टोपीतलं ईईजी (कातडीवर टेकवलेल्या छोट्या चकत्यांनी, म्हणजे इलेक्ट्रोडनी, टिपलेली मेंदूची विद्युतलहर) असं असतं. कवटीबाहेर पोचणारा संदेश साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा. घड्याळातला पेन्सिल सेल १.५ व्होल्टचा असतो, म्हणजे या संदेशाच्या निदान १५ हजार पट. शिवाय हजारो-लाखो पेशींचा आवाज एकत्र मिसळून आलेला असतो.

कवटी उघडून मेंदूच्या पृष्ठभागावर पट्टी ठेवली, तर शटर वर केल्यासारखं होतं. मेंदूत सूक्ष्म सुया बसवल्या, तर थेट भोपळ्याला कान लावल्यासारखं. यूटा ॲरे नावाची सुयांची जाळी जेमतेम ४ मिलिमीटर लांब-रुंद असते आणि तिच्यावर शंभरेक सुया असतात. तिला एकेका पेशीची टिकटिक ऐकू येते. पण किंमत मोजावी लागते: शस्त्रक्रियेचा धोका, जंतुसंसर्गाची भीती, आणि सुयांभोवती मेंदू व्रण तयार करतो म्हणून महिन्या-वर्षांनी आवाज मंदावत जातो.

आपल्याकडचं माणसांवरचं बहुतेक संशोधन टोपीचं आहे. पुढे कामाबद्दल लिहिलंय ते मुख्यतः त्याला धरून.

४. आजवर खरोखर काय साध्य झालंय? बातम्यांवर विश्वास ठेवावा का?

बातमीत काय केलं हे असतं. किती माणसांवर आणि किती वर्षं टिकलं, हे शोधून काढावं लागतं.

सुरुवात जर्मनीतल्या येना शहरात. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून मेंदूची विद्युतलहर पहिल्यांदा नोंदवली आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. मधली पाच वर्षं ते आपल्याच नोंदींवर शंका घेत पुन्हापुन्हा मोजत होते. विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते. १९६९ मध्ये एबरहार्ड फेट्झ यांनी दाखवलं की माकड बक्षिसासाठी स्वतःची एकच चेतापेशी कमी-जास्त चालवायला शिकतं. १९८८ मध्ये फारवेल आणि डोंचिन यांनी टोपीवर चालणारा अक्षरफलक केला. ओळी-स्तंभ लुकलुकतात, हवं ते अक्षर उजळलं की सुमारे ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक लाट उठते, त्यावरून अक्षर ओळखायचं. त्या लाटेला पी-३०० म्हणतात.

२००४ मध्ये अमेरिकेत मॅट नेगल या मानेखाली लुळ्या पडलेल्या तरुणाच्या मेंदूत यूटा ॲरे बसवला आणि तो विचाराने पडद्यावरचा बाण हलवू लागला. २०१२ मध्ये त्याच ब्रेनगेट प्रकल्पातल्या एका बाईंनी जवळपास पंधरा वर्षांनी स्वतःच्या इच्छेने कॉफी प्यायली, यांत्रिक हाताने बाटली तोंडाशी आणून. २०२१ मध्ये एका माणसाने मनात हाताने लिहिण्याचा प्रयत्न केला आणि संगणकावर मिनिटाला ९० अक्षरं उमटली. २०२३ मध्ये दोन वेगळ्या गटांनी वाचा गेलेल्या व्यक्तींच्या बोलण्याच्या प्रयत्नावरून मिनिटाला ६२ आणि ७८ शब्द काढले. आपण सहज बोलतो तेव्हा मिनिटाला १५०च्या आसपास शब्द होतात. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या गटाने एएलएस असलेल्या रुग्णाचं बोलणं ९७ टक्के अचूकतेने पडद्यावर आणलं. न्यूरालिंक या कंपनीने पहिल्या माणसात रोपण केलं तेही जानेवारी २०२४ मध्ये. त्याचे काही धागे (मेंदूत घातलेले बारीक, लवचीक इलेक्ट्रोड) नंतर मेंदूतून मागे सरकले. कंपनीने ते स्वतः सांगितलं आणि सॉफ्टवेअर बदलून काम चालू ठेवलं.

हे सगळं खरं आहे. पण जगभरातल्या अशा रोपण केलेल्या माणसांची नावं एका वहीत सहज मावतील.

५. मुलगी अकरावीत जातेय. बायोलॉजी घ्यावी की मॅथ्स?

झेपत असेल तर दोन्ही. एकच घ्यायचं असेल तर मॅथ्स. जीवशास्त्र नंतर वाचून भरून काढता येतं, मी तसंच केलं. रेषीय बीजगणित आणि संभाव्यता मात्र तिशीत पहिल्यांदा शिकताना फार दमायला होतं. डॉक्टरच व्हायचं असेल तर प्रश्न ७ पाहा.

६. मी सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मेंदूशास्त्रात यायला उशीर झाला का?

अजिबात नाही. उलट तुम्ही बऱ्यापैकी सरळ रस्त्यावर आहात. कृष्णा शेणॉय यांचं उदाहरण घ्या. पदवी आणि पीएचडी दोन्ही इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमध्ये, पीएचडी एमआयटीची. त्यानंतर कॅलटेकमध्ये मेंदूशास्त्र शिकले, २००१ मध्ये स्टॅनफर्डला स्वतःची प्रयोगशाळा काढली. मिनिटाला ९० अक्षरांचा तो प्रयोग त्यांच्याच गटाचा. जानेवारी २०२३ मध्ये कर्करोगाने ते गेले, अवघे ५४ वर्षांचे होते. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आज या क्षेत्रात ठिकठिकाणी काम करताहेत.

तिसऱ्या वर्षात काय करायचं? सिग्नल प्रोसेसिंगचा पेपर पाठ करून सोडू नका. फिल्टर स्वतः लिहून बघा, ५० हर्ट्झची विजेची गुणगुण एका खऱ्या नोंदीतून काढून बघा. पायथन शिका. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प यातच घ्या (साहित्यासाठी प्रश्न १२). नंतर गेट द्यायची असेल तर स्वतःच्या शाखेतून द्या किंवा २०२० पासून सुरू झालेल्या बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या पेपरातून द्या.

७. मी एमबीबीएस / फिजिओथेरपी / बीएस्सी / मानसशास्त्र करतोय. मला जागा आहे का?

आहे, आणि प्रत्येकाला वेगळी. रोपण न्यूरोसर्जन करतात, रुग्णाची निवड न्यूरोलॉजिस्ट करतात. लकवा झालेल्या हाताला बीसीआयच्या मदतीने व्यायाम देण्याच्या संशोधनात फिजिओथेरपिस्ट नसेल तर आम्हा इंजिनिअरांना खांदा निखळतोय हेसुद्धा कळत नाही. मानसशास्त्रवाले प्रयोगाची मांडणी आमच्यापेक्षा चांगली करतात. बीएस्सीवाल्यांनी भौतिकशास्त्र, गणित किंवा संख्याशास्त्राची बाजू पक्की ठेवावी. आणि सगळ्यांनी थोडं तरी प्रोग्रॅमिंग शिकावं. यातून सुटका नाही.

८. पीएचडी कुठे करायची? पैसे मिळतात का, किती?

बंगळुरूला निम्हान्स आणि आयआयएस्सीचं सेंटर फॉर न्यूरोसायन्स, मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, मुंबईत टीआयएफआर आणि आयआयटीचा जैवअभियांत्रिकी विभाग, पुण्यात आयसर, शिवाय इतर आयआयटी. गांधीनगरच्या आयआयटीत कॉग्निटिव्ह सायन्सचं एमएस्सी आहे, मानसशास्त्राकडून येणाऱ्यांना ते सोयीचं पडतं. संस्थेचं नाव बघून अर्ज करू नका, प्राध्यापक बघून करा. त्यांचे गेल्या तीन वर्षांतले दोन शोधनिबंध वाचा. अर्धं कळलं तरी पुरे. मग त्यांना पत्र लिहा आणि त्यात त्या निबंधाबद्दल एक खरा प्रश्न विचारा.

फी भरून पीएचडी करण्याची वेळ येऊ नये. सीएसआयआर-यूजीसी नेटची जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) ४२,०००, घरभाडं वेगळं. पंतप्रधान संशोधन फेलोशिप ७०,००० पासून सुरू होते, पण ती मोजक्यांनाच मिळते. राज्याच्या बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थाही त्या त्या समाजगटांतल्या पीएचडी करणाऱ्यांना फेलोशिप देतात. त्यांच्या जाहिराती आणि अटी दरवर्षी बदलतात, म्हणून जुन्या मित्राने सांगितलेल्या तारखेवर राहू नका.

आता खरं बोलते. फेलोशिपचे पैसे कधीकधी चार-चार महिने उशिरा येतात. माझे आले होते, आणि त्या काळात मेसचं बिल भावाने भरलं. पीएचडीला पाच-सहा वर्षं, त्यानंतर पोस्टडॉक दोन ते पाच. बरोबरीची मुलं तोवर पुण्यात फ्लॅटचे हप्ते भरत असतात. ज्यांच्यावर घर अवलंबून आहे त्यांनी आधी दोन-तीन वर्षं नोकरी करून मग यावं. त्यात कमीपणा काही नाही, प्रयोगशाळेत अशी माणसं जास्त नेटाने काम करतात हे मी पाहिलंय.

९. ताई, घरचे म्हणतात पीएचडी होईपर्यंत लग्न राहील. काय सांगू?

फेलोशिप म्हणजे पगारासारखे महिन्याचे पैसे, हे आधी आकड्यांत सांगा. पुष्कळ घरांत "अजून शिकतेय" म्हणजे अजून खर्च, असंच समजतात. लग्न करूनही पीएचडी होते, फेलोशिपमध्ये प्रसूती रजाही असते. मुख्य अडचण गावाची असते. संस्था बंगळुरूला आणि सासर इस्लामपूरला, तर आधी स्पष्ट बोलणं झालेलं बरं. माझ्या आईला मी एकदा प्रयोगशाळेत नेलं आणि तिच्याच डोक्याला टोपी लावली. डोळे मिटल्यावर पडद्यावरची लहर बदललेली तिने स्वतः पाहिली. त्यानंतर नातेवाइकांना उत्तर तीच देऊ लागली.

१०. मराठी माध्यमातून शिकून जमतं का?

जमतं. मीही मराठी माध्यमाचीच. शोधनिबंधाचं इंग्रजी ठरावीक साच्याचं असतं, पन्नासेक निबंध वाचले की सवय होते. विषय समजण्यात मराठी आडवी येत नाही. या क्षेत्रात तर ती कामाला येते, कशी ते प्रश्न १३ मध्ये.

११. रोजचं काम काय असतं?

सकाळी येणाऱ्या स्वयंसेवकाला आदल्या दिवशी फोन करायचा: "डोकं धुऊन या, तेल लावू नका." तरीही दर चौथा माणूस खोबरेल चोपडून येतो, कारण आईने लावून दिलेलं असतं. मग बेसिनपाशी शाम्पूने डोकं धुवायचं आणि पंख्याखाली वाळवायचं. तेल राहिलं की इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्यामधला अडथळा वाढतो. आम्हाला तो ५ किलोओहमच्या खाली हवा असतो. लांब केसांची मुलगी असेल तर केस बोटांनी बाजूला सारत एकेका इलेक्ट्रोडखाली बोथट सुईने जेल भरायचं. ६४ इलेक्ट्रोड म्हणजे पाऊण तास. तेवढ्या वेळात माणसाशी बोलायचं, त्याला मोकळं करायचं. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर घ्यायचा, ट्यूबलाइट बंद. मग तास-दीड तास तो पडद्याकडे बघत उजवा हात, डावा हात हलवल्याची कल्पना करणार. त्यानंतरचे चार दिवस संगणकासमोर.

यातली सगळ्यात मोठी जोखीम म्हणजे स्वतःची फसवणूक. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या यंत्राची अचूकता दर आठवड्याला वाढत होती. सहा महिने मी खुशीत होते. मग एका संध्याकाळी नोंदी पुन्हा चाळताना दिसलं की स्वयंसेवक उजव्या हाताची कल्पना करताना नकळत दात आवळतात आणि माझं यंत्र मेंदू न वाचता जबड्याचा स्नायू वाचतंय. सहा महिन्यांची नोंद बाजूला ठेवली, मार्गदर्शकांना सांगितलं, आणि गालावर एक जादा इलेक्ट्रोड लावून पहिल्यापासून सुरू केलं. त्या रात्री जेवण गेलं नाही. पण आता कुणाचाही चकचकीत आकडा दिसला की मी पहिल्यांदा विचारते, जबडा तपासलात का?

१२. घरी बसून सुरुवात करता येईल का? किती खर्च येतो?

शून्य रुपयांतही करता येते. फिजिओनेट या संकेतस्थळावर १०९ स्वयंसेवकांच्या ६४ इलेक्ट्रोडच्या नोंदी फुकट आहेत, हात हलवण्याच्या आणि तशी कल्पना करण्याच्या. एमएनई-पायथन हे सॉफ्टवेअरही फुकट. दोन्ही उतरवून घ्या आणि डावा-उजवा हात ओळखून दाखवा. सुरुवातीला ६० टक्के जमलं तरी खूश व्हा. नाणेफेकीने ५० टक्के येतातच, हेही लक्षात असू द्या.

यंत्र बनवायचं असेल तर आधी दंडाच्या स्नायूचा संदेश टिपा, तो मोठा असतो. तो जमला की डोक्याच्या मागच्या बाजूला इलेक्ट्रोड लावून डोळे मिटा. सेकंदाला ८ ते १२ वेळा हेलकावणारी लहर दिसेल, बर्गरना दिसली होती तीच. एक अट कधीही मोडू नका: शरीराला जोडलेलं कुठलंही सर्किट फक्त बॅटरीवर चालवायचं. चार्जरला लावलेला लॅपटॉप, ऑसिलोस्कोप, काहीही मध्ये नको. यात जीव जाऊ शकतो.

१३. ही यंत्रं मराठी बोलतात का?

या पानावरचा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा प्रश्न हा.

पी-३०० चा मूळ फलक सहा ओळी, सहा स्तंभांचा. इंग्रजीची २६ अक्षरं आणि काही खुणा त्यात आरामात बसतात. मराठीत स्वर, व्यंजनं, काना-मात्रा-वेलांट्या, जोडाक्षरं. तोच फलक नुसता मोठा केला तर प्रत्येक अक्षराला लागणारा वेळ वाढतो आणि रुग्ण थकतो. "क्ष" लिहायला किती पायऱ्या ठेवायच्या, वेलांटी आधी की व्यंजन आधी, हे इंग्रजीत कुणाला विचारावंच लागलं नाही.

बोलणं ओळखणारी यंत्रं तर आणखी अडतात. ती इंग्रजीतल्या चाळीसेक ध्वनींवर शिकलेली असतात. इंग्रजीत "प" जोरात श्वास सोडून म्हटला तरी शब्द बदलत नाही. आपल्याकडे "पळ" आणि "फळ" वेगळे, "डाळ" आणि "ढाळ" वेगळे, "गाल" आणि "गाळ" वेगळे. "चार" मधला च आणि "चारा" मधला च लिहिताना एक, तोंडात दोन. "हे जग" आणि "तू जग" यांतही तेच. अक्षरं लिहिणाऱ्या यंत्राला हे दोन शब्द एकच, पण जिभेच्या हालचाली ओळखणाऱ्या यंत्राला दोन.

आणि इथेच एक सुंदर गोष्ट आहे. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे मेंदू-शल्यविशारद एडवर्ड चँग यांच्या गटाने दाखवलं की बोलण्याचा मेंदूतला भाग ओठ, जीभ, जबडा, स्वरयंत्र अशा अवयवांप्रमाणे मांडलेला असतो. आता शाळेतली वर्णमाला आठवा. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. पाच ओळी, तोंडातल्या जागेप्रमाणे. आडवं गेलं की अघोष अल्पप्राण, अघोष महाप्राण, घोष अल्पप्राण, घोष महाप्राण, अनुनासिक. पाच बाय पाचचा तयार तक्ता. मेंदू ज्या हिशेबाने बोलणं चालवतो, बऱ्याच अंशी त्याच हिशेबाने आपण बाराखडीच्या आधी पाठांतर केलंय. इंग्रजीच्या ए-बी-सी-डीत असा हिशेब नाही. मराठीसाठी यंत्र करायचं तर इथून सुरुवात करावी, अशी माझी खात्री होत चालली आहे.

दुसऱ्या भाषांत वाट दिसू लागली आहे. २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्या रुग्णाची दोन्ही भाषांतली वाक्यं ओळखून दाखवली. मराठीची नोंद, मराठीचे ध्वनी, मराठीत पुढचा शब्द सुचवणारं मॉडेल हे काम बॉस्टनमध्ये कुणी आपणहून करणार नाही. सांगलीच्या मुलामुलींनी करायचं काम म्हणून मी हेच सांगते.

१४. वडिलांना मेंदूच्या देठात अटॅक आला, फक्त डोळे हलतात. ही चिप कुठे बसवून मिळेल, कितीही खर्च येऊ दे.

आज भारतात असं रोपण उपचार म्हणून विकत मिळत नाही. परदेशातही ते मुख्यतः चाचण्यांमध्येच आहे. जमीन विकू नका. हे वाक्य मी फोनवर अनेकदा म्हटलंय आणि प्रत्येक वेळी पलीकडे बराच वेळ कुणी बोलत नाही.

पण आज संध्याकाळपासून करता येईल असं काही आहे. तासगाव तालुक्यातल्या एका घरी मी गेले होते. द्राक्षबागायतदार, वय साठीच्या आत, पापण्या आणि डोळे वर-खाली एवढंच उरलेलं. थोरल्या सुनेने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने वर्णमाला लिहिली होती, ओळीने. ती विचारायची, "मामा, कची ओळ? चची ओळ?" होय असेल तर एकदा पापणी मिटायची. मग त्या ओळीतलं अक्षर, मग काना-मात्रा. पहिल्या दिवशी च-ओळ, दुसरं अक्षर. काना. मग ट. तिथेच ती म्हणाली, "छाटणी? बागेची छाटणी झाली का विचारताय?" त्यांनी पापणी मिटली ती उघडेनात, डोळ्यांतून पाणी येत होतं. ऑक्टोबर अर्धा उलटला होता. ते सहा आठवडे अंथरुणावर होते आणि घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं की त्यांना काही कळत नाही.

सुनेने तिसऱ्या खुणेवर शब्द ओळखला, कारण महिना कुठला आणि माणूस कोण हे तिला ठाऊक होतं. आमच्या यंत्रांमधलं भाषेचं मॉडेल हेच काम करतं, फक्त तिच्याइतकं चांगलं नाही.

तेव्हा आधी तक्ता करा. होय-नाहीची खूण घरातल्या सगळ्यांनी एकच ठेवा. वाक्-उपचारतज्ज्ञांना दाखवा. नवीन अँड्रॉइड फोनमध्ये भुवई उचलणं, डोळे वर नेणं अशा खुणांनी फोन चालवायची सोय असते, ती सेटिंग्जच्या ॲक्सेसिबिलिटीत शोधा. डोळ्यांच्या नजरेवर चालणारे फलक महाग आहेत, पण ते आज मिळतात आणि या घडीला टोपीच्या बीसीआयपेक्षा वेगाने चालतात. कसोटी एकच: डोळे नीट हलत असतील तर आधी डोळ्यांचा मार्ग धरा.

१५. एकजण म्हणाला चाचणीत नाव घालून देतो, दोन लाख भरा. भरू का?

नका भरू. चाचणीत भाग घेण्यासाठी पैसे मागणं म्हणजे ती चाचणी नव्हे. आपल्याकडे २००९ पासून औषधं-उपकरणांच्या चाचण्यांची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडियावर करावी लागते. तिथे कुणालाही फुकट शोधता येतं. नोंदणी क्रमांक मागा, नीतिसमितीचं नाव मागा, संमतीपत्र मराठीत मागा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार कोण करणार, ते लिहून मागा. खरा संशोधक या प्रश्नांनी चिडत नाही.

१६. मुलांच्या "मिडब्रेन ॲक्टिव्हेशन" शिबिरात डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवतात. तेही हेच का?

नाही, आणि त्यात विज्ञान नाही. मध्यमेंदू हा मेंदूच्या देठाचा दोनेक सेंटिमीटरचा वरचा भाग. तो प्रत्येक जिवंत माणसात चालूच असतो, बंद पडला तर माणूस बेशुद्ध होईल. मुलं नाकाच्या कडेच्या फटीतून बघतात. कागद पट्टीखाली धरण्याऐवजी कपाळासमोर धरा किंवा जाड पाकिटात घाला, वाचन थांबेल. मुलाला मात्र रागावू नका. बघितलं तरी "दिसत नाही" म्हणायला त्याला मोठ्यांनी शिकवलेलं असतं. एकाग्रता वाढवणाऱ्या हेडबँडबद्दलही विचारतात. कपाळावरच्या दोन इलेक्ट्रोडना मेंदूपेक्षा पापण्यांची उघडझाप आणि कपाळाचे स्नायू जास्त ऐकू येतात (प्रश्न ११ मधला जबडा आठवा). परीक्षेच्या गुणांसाठी ते विकत घेऊ नका.

१७. मी प्रयोगात स्वयंसेवक होतो, पण माझ्या डोक्याने काहीच चाललं नाही. माझ्यात दोष आहे का?

नाही. हाताच्या कल्पनेवर चालणाऱ्या टोपीच्या बीसीआयमध्ये साधारण १५ ते ३० टक्के लोकांना ताबा मिळत नाही. कवटीची जाडी, मेंदूच्या घड्यांची दिशा, अशी बरीच कारणं. अशांना बहुधा पी-३०० किंवा लुकलुकणाऱ्या दिव्यांची पद्धत जमते. एक अपवाद मात्र महत्त्वाचा: कधी फिट आली असेल तर लुकलुकणाऱ्या प्रयोगाला बसण्याआधी सांगा. लपवू नका.

१८. प्राण्यांवर प्रयोग करावेच लागतात का?

नाही. मी कधीच केले नाहीत. टोपी, भाषेची मॉडेल्स, रुग्णांसोबतचं काम यांत करिअर होतं. पण आज रुग्णांना बोलतं करणाऱ्या रोपणांमागे माकडांवरचं बरंच काम आहे हेही तितकंच खरं, आणि ते मान्य करूनच मी माझी बाजू निवडली आहे.

१९. कंपनी बंद पडली तर मेंदूतल्या यंत्राचं काय? आणि त्यातली माहिती कुणाची?

हे घडून गेलंय. दृष्टी गेलेल्यांच्या डोळ्यांत रोपण बसवणाऱ्या एका परदेशी कंपनीने उत्पादन बंद केलं आणि लोकांच्या डोळ्यांत दुरुस्ती नसलेलं यंत्र राहिलं. चाचणी संपल्यावर रोपण काढायचं की ठेवायचं, खर्च कुणाचा, हे पहिल्या सहीआधी ठरलेलं असावं.

माहितीबद्दल: चिलीने २०२१ मध्ये मेंदूतल्या माहितीच्या संरक्षणासाठी राज्यघटनाच दुरुस्त केली. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहितीचा कायदा आहे, त्यात मेंदूच्या नोंदींचा वेगळा उल्लेख नाही. २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं की बोलण्याचा प्रयत्न न करता मनात म्हटलेले शब्दही रोपणाने काही प्रमाणात ओळखता येतात. त्याच कामात त्यांनी कुलूपही बनवलं: मनात ठरावीक परवलीचे शब्द म्हटल्याशिवाय यंत्र ऐकायला सुरुवात करत नाही. कुलूप यंत्रासोबतच यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. कायदा शिकणाऱ्या मुलांनी या प्रश्नात जरूर यावं.

२०. मॅडम, मी मिरजेत हॉस्पिटलमध्ये ईईजी टेक्निशियन आहे. वय ३६, पीएचडी शक्य नाही. मला या कामात येता येईल का?

येता येईल, आणि तुमच्यासारख्यांची आम्हाला रोज गरज असते. स्वच्छ नोंद घेणं, कुठली लहर मेंदूची आणि कुठली सैल वायरची हे बघताक्षणी ओळखणं, घाबरलेल्या रुग्णाला शांत करणं, हे पीएचडी झालेल्या अनेकांना येत नाही. "प्रोजेक्ट असिस्टंट" किंवा "प्रोजेक्ट टेक्निशियन" या नावाने जागा निघतात. बहुतेक कंत्राटी असतात, वर्ष-दोन वर्षांच्या, म्हणून हातातली नोकरी सोडण्याआधी मुदत आणि पगार लेखी घ्या. वयाची अट जाहिरातीगणिक वेगळी असते. निम्हान्सच्या आणि आयआयटींच्या संकेतस्थळावरच्या भरतीच्या पानावर दर सोमवारी नजर टाका. अर्जासोबत तुम्ही घेतलेली एक चांगली नोंद जोडा, रुग्णाचं नाव आणि हॉस्पिटलचा क्रमांक पुसून, आणि हॉस्पिटलची परवानगी घेऊन. मुलाखतीला बोलावलं तर प्रमाणपत्रांच्या फायलीआधी ती नोंद टेबलावर ठेवा.